ओजीसानची सुबारू घेऊ का?

जपानमधल्या गुन्मा प्रांतातून, ओता शहरातून, एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे. त्यातला मुख्य भाग इथे देते.

‘आमच्या शेजारी 84 वर्षांचे एक ओजीसान, म्हणजे आजोबा, एकटे राहतात. सहा वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांच्या शेडमध्ये 1968 सालची सुबारू 360 आहे, लग्नाच्या वर्षी नवी कोरी घेतलेली. दोन वर्षांपूर्वी नजर अधू झाली म्हणून त्यांनी आपणहून लायसन्स परत केलं. तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. शाकेन, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीची मुदत, संपलं आहे, कर मात्र दर वर्षी भरतात. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, की तुमच्या गाडीचा आवाज आणि वास अगदी माझ्या बाबांच्या चेतकसारखा आहे. ते त्यांनी लक्षात ठेवलं. गेल्या महिन्यात किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, तुम्ही घ्या, पैसे नकोत. ह्यांचं म्हणणं, भंगार गळ्यात घेऊ नकोस. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, दारात चांगली सुरक्षित गाडी आहे. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही. आणि घेतलीच, तर पुढे पुण्याला नेता येईल का?’

प्रिय मैत्रिणी,

गाडी घ्या. पण किल्ली आत्ता घेऊ नका. आधी सहा महिने दर शनिवारी त्या शेडमध्ये ओजीसानांच्या शेजारी बसा, ते सांगतील ते शिका, आणि मग गाडी नावावर करा.

उलटं केलं की काय होतं ते मी भोगलं आहे. माझ्याकडे 1966 ची सुबारू 360 आहे, अकरा वर्षं झाली. ती मी एका गृहस्थांच्या पश्चात त्यांच्या घरच्यांकडून घेतली. कागद मिळाले, दोन किल्ल्या मिळाल्या, सुट्या भागांनी भरलेली तीन खोकी मिळाली. कुठला भाग कशाचा, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कधी आणि का बदलला, हे सांगणारं माणूस मात्र गेलेलं होतं. पहिल्याच वर्षी इंजिन उघडावं लागलं. ज्या गॅरेजने ते परत बांधलं त्यांनी सिलिंडरभोवती हवा खेळवणारा एक पत्रा बसवलाच नाही. तो तिथे असतो हेच मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे नसल्याचं कळायचा प्रश्नच नव्हता. चिचिबूच्या चढावर आवाज एकदम जड झाला, आणि क्लच दाबेपर्यंत पिस्टन चिकटला. मी सांगलीतल्या स्कूटर गॅरेजवाल्याची मुलगी. शाळेतून आल्यावर प्लग घासून देणं हे माझं काम असे. तरीही हे झालं, कारण एकेका गाडीचं म्हणून जे ज्ञान असतं ते ती चालवणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्याकडे तो माणूस भिंतीपलीकडे राहतो आहे.

तुम्ही ओतात राहता, म्हणजे या गाडीच्या गावातच. नाकाजिमा ही विमानं बांधणारी कंपनी तिथलीच. युद्धानंतर विमानं बांधायला बंदी आली, कंपनीचे तुकडे झाले, आणि त्यातले काही एकत्र येऊन 1953 मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी राहिली. सुबारू हे तिच्याच गाड्यांचं नाव. 360 चे मुख्य अभियंता शिनरोकु मोमोसे हेही मूळचे नाकाजिमाचेच. त्यांच्यापुढचं कोडं असं होतं: ‘केई’ या छोट्या गाड्यांच्या जपानी वर्गात बसायला गाडी 3 मीटरपेक्षा लांब आणि 1.3 मीटरपेक्षा रुंद असता कामा नये, इंजिन 360 सीसीच्या आत हवं, आणि तरी चार मोठी माणसं बसली पाहिजेत. विमानवाल्यांनी ते विमानवाल्यांसारखं सोडवलं, म्हणजे वजनावर घाव घातला. वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. पत्रा 0.6 मिलिमीटरचा, आणि तो ताठ राहावा म्हणून सगळीकडे गोलाई. टप फायबरचा. चाकं 10 इंची. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, दोन सिलिंडरचं, 356 सीसी. 1958 मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा ताकद 16 अश्वशक्ती, वजन 400 किलोच्या आत, किंमत 4,25,000 येन. 1971 पर्यंत सुमारे 3,92,000 गाड्या निघाल्या. लोकांनी नाव ठेवलं ‘तेंतोमुशी’, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे पानांवर दिसतो तो ठिपक्यांचा लाल किडा. कारखान्याच्या याजिमा विभागात अभ्यागत केंद्र आहे, तिथे एक 360 ठेवलेली आहे. आधी नोंदणी करून मुलीला घेऊन जा. शेडमध्ये काय उभं आहे ते तिलाही कळू दे.

(आपल्या मारुती 800 चं माहेरही हाच केई वर्ग. 1983 ची पहिली मारुती ही सुझुकीच्या 550 सीसी मर्यादेतल्या गाडीची मोठं इंजिन घातलेली बहीण. तेव्हा आपल्या घराघरांतली पहिली चारचाकी या मापातूनच आली.)

आता चेतकबद्दल. तुमचं नाक चुकलेलं नाही. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींची चाकं 10 इंची, दोन्हींत पेट्रोलबरोबर ऑइल जळतं. सुरुवातीच्या 360 मध्ये पेट्रोलात ऑइल हाताने मिसळावं लागे आणि टाकीचं झाकण हेच माप असे. 1964 पासून ‘सुबारूमॅटिक’ आलं. ऑइलची वेगळी टाकी असते आणि पंप लागेल तसं ऑइल इंजिनाला देतो. ओजीसानांची गाडी 1968 ची, म्हणजे तिला हे असणार. सोय मोठी आहे, पण सगळा भरवसा त्या एका पंपावर. तो थांबला तर गाडी तुम्हाला काही सांगत नाही, सरळ जॅम होते. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांना पेट्रोलातही थोडं 2टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घाला. धूर जरा जास्त होईल, होऊ दे. शिवाय ऑइलच्या टाकीवर पेनाने खूण करा. शंभरेक किलोमीटरनंतर पातळी खाली गेलेली दिसली पाहिजे. जिथल्या तिथे असेल तर गाडी ओढून घरी आणा, चालवत आणू नका. ऑइल ‘जासो एफसी’ दर्जाचं घ्या. हे मानक जपानचंच आहे, आणि पुण्यात बाबा जी 2टीची बाटली आणायचे तिच्यावरही बहुधा हीच अक्षरं असतील.

दोन वर्षं झोपलेली गाडी उठवणं हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग, म्हणून तो सविस्तर सांगते. पहिली गोष्ट, कुणी कितीही उत्साहाने म्हणालं तरी बॅटरी जोडून स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरच्या भिंती कोरड्या आहेत, रिंगा कदाचित किंचित गंजल्या आहेत. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकातून चहाचा एक चमचा 2टी ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं की हाताला कळतं. अडलं तर जोर लावू नका. आणखी ऑइल, आणखी एक रात्र.

दरम्यान टाकी रिकामी करा. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो आणि कार्बोरेटरच्या वाटीत त्याचा पिवळा चिकटा बसतो. वाटी उघडून धुवा, जेट हवेने फुंका. तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. रबरी पेट्रोल पाइप न बघताच बदला. इंजिन मागे, त्याच्यावर पेट्रोल ठिबकायला लागलं तर आगीला दुसरं निमित्त लागत नाही. मग टॉर्च घेऊन हवेचे मार्ग बघा. बंद शेडमधल्या गाडीत उंदीर घर करतात, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पत्र्याआड त्यांना गवत-चिंध्या कोंबायला फार आवडतं. बाहेरून काही दिसत नाही. माझा न बसवलेला पत्रा आणि उंदराचं घरटं, दोन्हींचा परिणाम एकच.

आता गाडी सुरू झाली असं धरू. सगळ्यांना आनंद होईल, ओजीसानांच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि नेमके तेव्हाच तुम्ही कान उघडे ठेवायचे आहेत. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग खाली यायला हवा. तो वरच अडकून राहत असेल किंवा आपोआप चढत असेल, तर क्रँकची (इंजिनातल्या फिरत्या दांड्याची) ऑइल सील गेली असण्याची शक्यता फार मोठी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. दोन वर्षं उभ्या गाडीत ही सील वाळून कडक होतात, कडेने जादा हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतो. पातळ मिश्रणावर गाडी सुरुवातीला जास्तच चपळ वाटते, हीच त्यातली फसवणूक. असा आवाज आला तर त्याच दिवशी बंद करा आणि इंजिन उतरवून सील बदला. सील स्वस्त असतात. मेहनत इंजिन उतरवण्याची. उलट, मंद चालताना मधूनच एखादा ठोका चुकवत फट-फट, फट करत असेल तर घाबरू नका. तो टू-स्ट्रोकचा स्वभाव आहे, चेतकही तेच करायची.

प्लगचा रंग बघायची सवय लावा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असला की सगळं ठीक. काळा ओला म्हणजे ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढरा खडूसारखा दिसला तर गाडी हलवू नका.

पत्रा पातळ म्हणून हलका, आणि पातळ म्हणूनच लवकर सडतो. पायाखालच्या चटया उचला आणि फरशी अंगठ्याने दाबून बघा. दाराखालच्या पट्ट्या बघा. फायबरचा टप जिथे पत्र्याला भेटतो तिथलं रबर तडकलं असेल तर पाणी आत उतरून कोपऱ्यात साचतं. बारीक भोकं चालतील, ती भरून निघतात. पण सांगाडा हीच बॉडी असल्यामुळे सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा सडलेला असेल, तर माझा आधीचा ‘घ्या’ मी मागे घेते. ती गाडी रस्त्यावर आणू नका. शेडमध्येच प्रेमाने सांभाळा.

हिवाळ्यात उत्तरेच्या डोंगराकडे रस्त्यांवर बर्फ वितळायला क्षार टाकतात. त्या दिवसांत गाडी बाहेर काढायची नाही, आणि काढलीच तर खालून धुतल्याशिवाय झोपायचं नाही. तुमच्याकडचा तो कोरडा वारा, काराक्काझे, तोही लक्षात ठेवा. या गाडीची दारं मागच्या कडेला बिजागरी असलेली, म्हणजे पुढून उघडणारी आहेत. चालत्या गाडीत कडी नीट लागली नसेल तर वारा दार मिटत नाही, ओढून पूर्ण उघडतो.

यावरून यजमानांच्या मुद्द्याकडे येते. त्यांना भंगाराची भीती वाटत असेल तर ती दूर करता येईल, पण मुलीबद्दलची काळजी अगदी रास्त आहे, आणि त्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. 1968 मध्ये माल्कम ब्रिकलिन यांनी ही गाडी अमेरिकेत विकायला नेली आणि 1969 मध्ये तिथल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने तिला ‘अस्वीकार्य’ ठरवलं. अमेरिकेच्या महामार्गावर मोठ्या गाड्यांच्या गर्दीत ती टिकणार नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. आपल्या पायांपुढे पातळ पत्रा आणि सुटं चाक, एवढंच असतं. माझ्या घरात नियम आहे: या गाडीतून लहान मूल रस्त्यावर जाणार नाही. नातू येतो, शेडमध्ये तासभर स्टिअरिंग फिरवतो, भोंगा वाजवतो, तेवढंच. तुम्हीही आजच्या आज यजमानांना हा शब्द द्या. निम्मा वाद तिथेच मिटेल. किता-कांतो एक्स्प्रेस-वेवर जायला कायद्याची हरकत नसली तरी जाऊ नका. रविवारी सकाळी लवकर वातारासे नदीच्या कडेकडेने किर्यूपर्यंत जाऊन या. तिचा वेग, तिचा रस्ता तोच.

दुसरं, त्यांना ब्रेकचं काम द्या. खुशामत म्हणून नाही. तुमच्या पत्रात आहे तसं ते अभियंते आहेत, आणि या गाडीत ज्यावर जीव अवलंबून आहे ती गोष्ट हीच. चारही चाकांना ड्रम आहेत. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरं फुगतात. पेडल दाबलं की लागतं पण सोडल्यावर सुटत नाही, किंवा एकाच बाजूला ओढतं. चारही चाकांची किट बदलायची, रबरी नळ्या बदलायच्या, ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं, आणि नंतर जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यायचं. इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक झाले पाहिजेत. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. ज्याने गाडीचे ब्रेक स्वतःच्या हाताने केले तो तिला भंगार म्हणत नाही, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. 13 वर्षांहून जुन्या खासगी केई गाडीला वर्षाला 12,900 येन कर आहे. शाकेन दर दोन वर्षांनी. त्यात 18 वर्षांवरच्या केईचा वजन कर 8,800 येन आणि सक्तीचा विमा 2023 पासूनच्या दराने 17,540 येन. ऐच्छिक विमाही घ्याच. हे आकडे कुठल्याही जुन्या केईचेच आहेत. खरा खर्च पहिल्या वर्षीच्या रबर, सील, टायर आणि मजुरीचा, आणि तो गाडीची अवस्था ठरवेल. सुटे भाग क्लबांकडून आणि याहू ऑक्शनवरून मिळतात. रबरी भाग काही हौशी मंडळी नव्याने करून घेतात. 10 इंची टायरही मिळतात. जपानी वाचता येत नसेल तर इथेही ओजीसान लागतीलच. शाकेनसाठी अनोळखी गॅरेजला फोन करू नका. इतकी वर्षं ते जिथे जात होते तिथे त्यांच्याबरोबर जा आणि त्यांना तुमची ओळख करून द्यायला सांगा. जपानमध्ये ओळख करून दिलेल्या माणसाला गॅरेजवाला वेगळ्या दाराने आत घेतो.

कागदांचं काम मोठ्या मोटारीपेक्षा सोपं आहे. केई गाड्यांची नोंद आणि तपासणी त्यांच्या स्वतंत्र संस्थेकडे, केईजिदोशा केन्सा क्योकाईकडे होते, आणि तिथे शिक्क्याचा दाखला वगैरे लागत नाही. रहिवासाचा दाखला पुरतो. शाकेन नसलेली गाडी तपासणीला न्यायची तर नगरपालिकेतून काही दिवसांची तात्पुरती नंबरप्लेट मिळते, फक्त सक्तीचा विमा आधी काढावा लागतो. एक गोष्ट जपा. गाडीला पांढऱ्या पाटीवर हिरवे आकडे असलेली छोटी नंबरप्लेट असेल. त्या पाट्या 1974 पर्यंतच्या केईंच्या. तुम्ही दोघं एकाच गावात, त्यामुळे नावावर करताना तो नंबर तसाच राहू शकतो. कुणी ‘नवी पाटी घ्या’ म्हणालं तर नको म्हणा.

आणि त्या कराबद्दल. शाकेन संपलेल्या गाडीचा कर वाचवायचा असता तर पाट्या परत करून नोंद थांबवता आली असती. ते हे जाणत नसतील असं मला वाटत नाही. दोन वर्षं न चालणाऱ्या गाडीचा कर त्यांनी भरला, तो हा नंबर जिवंत राहावा म्हणून. कुणीतरी येईल याची ते वाट बघत होते.

पैसे नकोत म्हणाले तरी फुकट घेऊ नका. आपल्याकडे अशी वस्तू घेताना हातावर सव्वा रुपया ठेवतात, त्यात घेणाऱ्याचाही मान राहतो. तिथेही फुकटचं देणं घेणाऱ्याच्या मनावर बसतं आणि देणाऱ्याच्या मुलांच्या डोळ्यांत येतं. त्यांना मुलं असतील तर नावावर करायच्या आधी त्यांच्याशी, ओजीसानांच्या समोर, बोलून घ्या. अशा गाड्यांना आज चांगली किंमत येते; उद्या कुणी म्हणायला नको की शेजारणीने म्हाताऱ्याकडून गाडी काढून घेतली. रक्कम त्यांनाच ठरवू द्या, लहान असली तरी पाकिटात घालून द्या, आणि दोन ओळींचा कागद करा.

शेजाऱ्यांचंही बघा. सकाळी दोरीवर कपडे आणि कठड्यावर गाद्या वाळत असताना टू-स्ट्रोक सुरू करू नका. त्या निळ्या धुराचा वास चादरीतून दोन दिवस जात नाही. ओजीसान कुठल्या वेळी सुरू करायचे ते विचारा. इतक्या वर्षांत त्यांनी ती वेळ शोधून काढलेली असेल.

पुण्याचं मात्र मनातून काढून टाका. भारतात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तेवढंच. आयातीचं शुल्क आणि खटाटोप करून तुम्ही एका अशा गावी गाडी न्याल जिथे तिचा एकही सील मिळत नाही आणि तिच्या आवाजातला फरक ओळखणारं कुणी नाही. ओजीसानांनी ती तुम्हाला दिली, पुण्याला नाही. तुम्ही कधीतरी परताल. तेव्हा ती कुणाकडे जावी हे त्यांच्याशी आत्ताच बोला. अवघड वाटेल, पण मला वाटतं त्यांना बरंच वाटेल. इतक्या वर्षांची गाडी देणारा माणूस पुढच्या दोन हातांचा विचार करत असतो.

आता पहिल्या शनिवारचं सांगते. कोऱ्या पानांची वही घ्या, टॉर्च घ्या, घरचा चिवडा घ्या. गाडीला हात लावू नका, त्यांनाच स्टूलवर बसवा आणि पुढचं झाकण त्यांनाच उघडू द्या. नजर अधू असली तरी बोटांना सगळं पाठ असेल. पहिल्या दिवशी एकच विचारा: थंडीत चोक किती ओढायचा आणि कधी सोडायचा. ते बहुधा बोलून सांगणार नाहीत, हाताने दाखवतील. मुलीला म्हणावं, त्या हाताचा व्हिडिओ घे.